वाचेचे उपचारक आणि मान्यतेचा कस

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरा नदी ओलांडली की शिरवळ लागते. सुभानमंगळ गढीमुळे शिवकालाच्या इतिहासात नोंद झालेले हे गाव अलीकडच्या दशकांत कारखान्यांसाठी ओळखले जाऊ लागले आहे. या गावाची आणखी एक ओळख आहे. क्रांतिसिंह नाना पाटील यांचे नाव धारण करणारे पशुवैद्यक महाविद्यालय १९८८ पासून येथे आहे. मुक्या जनावराचे दुखणे ओळखणारा पदवीधर तेथे साडेपाच वर्षांच्या अभ्यासानंतर तयार होतो. त्याने काय शिकावे, त्याला शिकविणारे किती असावेत, रुग्णालय कसे असावे याचे निकष भारतीय पशुवैद्यक परिषदेने ठरविलेले आहेत, आणि त्या निकषांना १९८४ च्या कायद्याचा आधार आहे. शेतकऱ्याच्या गोठ्यात पाऊल टाकणाऱ्या डॉक्टराची पदवी खरी की खोटी, हे ठरविण्याची सोय त्या कायद्याने केली, ही गोष्ट निःसंशय समाधानाची होय.

परंतु याच गावातील एखादे मूल तीन वर्षांचे होऊनही बोलत नसेल, तर त्याच्यावर उपचार करणाऱ्याची पदवी तपासण्याची सोय कधी झाली? तो कायदा संसदेत संमत झाला १९९२ साली, आणि भारतीय पुनर्वास परिषदेला वैधानिक दर्जा मिळाला १९९३ च्या जूनमध्ये. म्हणजे जनावराच्या उपचारकाची परीक्षा घेण्याचे शहाणपण शासनाला सुचल्यानंतर, न बोलणाऱ्या मुलाच्या उपचारकाकडे लक्ष जाण्यास आणखी आठ वर्षे लागली. हा काळ निघून गेला, हे खरे. तथापि त्या विलंबामागील वृत्ती गेली आहे काय, हा प्रश्न आजही विचारण्याजोगा आहे. वाचा व भाषा उपचारशास्त्राच्या पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांना मान्यता कोणी, कशाच्या आधारे आणि कोणासाठी द्यावयाची, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. प्रत्यक्षात तो मुलांच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

दुर्लक्षित व्यंग

बोलण्यातील दोष हा आपल्या समाजात फारसा गंभीर मानला जात नाही. ‘बापही उशिराच बोलला होता’ असे आजी सांगते. कोणी वेखंड उगाळून चाटविते, कोणी जिभेखालची शीर कापून घेण्याचा सल्ला देते. काही मुले खरोखरच उशिरा परंतु व्यवस्थित बोलू लागतात, आणि त्यामुळे या समजुतींना बळ मिळते. मात्र उशिराचे कारण ऐकू न येणे हे असेल, तर वाट पाहण्यात गेलेला प्रत्येक महिना परत न येणारा असतो. नवजात बालकाच्या श्रवणाची चाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचारांचा आरंभ सहाव्या महिन्यापर्यंत व्हावा, असा दंडक जगभर मानला जातो. त्याचे कारण उघड आहे. भाषा ग्रहण करण्याची मेंदूची क्षमता पहिल्या काही वर्षांत जितकी असते, तितकी ती पुढे राहत नाही.

हा विषय केवळ बालकांचाही नाही. पक्षाघाताचा झटका आलेला कर्ता पुरुष शब्द ठाऊक असूनही उच्चारू शकत नाही. पॅरिसमध्ये पॉल ब्रोका याने १८६१ साली मेंदूच्या डाव्या भागातील इजा आणि वाचा नष्ट होणे यांचा संबंध दाखवून दिला, तेव्हापासून या वाचाघाताचा शास्त्रीय अभ्यास चालू आहे. स्वरयंत्र काढून टाकावे लागलेला कर्करोगाचा रुग्ण, दुभंगलेल्या टाळूचे मूल, अडखळत बोलणारा विद्यार्थी आणि साठ मुलांच्या वर्गात वर्षानुवर्षे आवाज चढवून घसा बसलेला शिक्षक हे सर्व याच शास्त्राचे रुग्ण होत. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ५० लाख व्यक्तींना श्रवणाचे आणि सुमारे २० लाख व्यक्तींना वाचेचे अपंगत्व असल्याची नोंद झाली. असे असूनही १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांत वाचादोषाला स्वतंत्र स्थान नव्हते. ते मिळाले २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने, जेव्हा प्रकारांची संख्या सातावरून एकवीसवर गेली. ज्या व्यंगाला कायद्याच्या यादीत शिरण्यास इतका काळ लागला, त्याच्या उपचारकांच्या शिक्षणाकडे लोकांचे लक्ष नसावे यात नवल नाही.

तीन मोहरा, तीन अर्थ

या शिक्षणाची परंपरा भारतात तशी नवी नाही. म्हैसूर येथे १९६५ साली अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था स्थापन झाली. मुंबईत नायर रुग्णालयाशी संलग्न असलेल्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात १९६६ साली या विषयाचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेले अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ साली वांद्र्याला उभी राहिली. पुढे पुण्यातही हे शिक्षण उपलब्ध झाले. आज चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम, त्यातील शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे, आणि त्यानंतर दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण, अशी सर्वसाधारण रचना आहे.

या अभ्यासक्रमांवर एकापेक्षा अधिक मोहरा उमटतात, आणि पालक व विद्यार्थी यांचा गोंधळ येथेच होतो. पहिली मोहोर विद्यापीठाची. महाराष्ट्रात १९९८ साली स्थापन झालेले नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ किंवा एखादे अभिमत विद्यापीठ पदवी प्रदान करते. दुसरी मोहोर पुनर्वास परिषदेची. ही परिषद १९८६ साली नोंदणीकृत संस्था म्हणून सुरू झाली व १९९२ च्या कायद्याने तिला अधिकार लाभले. अभ्यासक्रमाचे किमान निकष ठरविणे, संस्थांची तपासणी करणे, निकष न पाळणाऱ्या संस्थेच्या पदवीची मान्यता काढून घेण्याची कार्यवाही करणे आणि पात्र व्यक्तींचे केंद्रीय नोंदपुस्तक ठेवणे ही तिची कामे. तिसरी मोहोर १९९४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेची, जी संपूर्ण संस्थेला श्रेणी देते.

यांतील पहिली मोहोर असून दुसरी नसेल, तर विद्यार्थ्याच्या हाती पदवी येते, परंतु व्यवसायाचा अधिकार येत नाही. तिसरी मोहोर कितीही उजळ असली, तरी ती दुसरीची उणीव भरून काढू शकत नाही. प्रवेशाच्या वेळी जाहिरातीत ‘मान्यताप्राप्त’ हा एकच शब्द मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. तो कोणत्या मान्यतेविषयी आहे, हे विचारण्याचे भान फार थोड्या पालकांना असते. चार वर्षे आणि घरची जमापुंजी खर्च केल्यावर हा फरक कळणे म्हणजे अर्धे आयुष्य चुकीच्या रस्त्यावर चालणे होय.

अमेरिकेचा धडा, किती घ्यावा?

या व्यवसायाची संघटना अमेरिकेत १९२५ साली स्थापन झाली. तेथे स्वतंत्रपणे व्यवसाय करण्यासाठी पदव्युत्तर पदवी आवश्यक मानली जाते, आणि व्यावसायिक प्रमाणपत्रासाठी देखरेखीखालील ४०० तासांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो. पदव्युत्तर अभ्यासक्रमांना अधिस्वीकृती देणारे स्वतंत्र मंडळ आहे. ते एका वेळी जास्तीत जास्त आठ वर्षांसाठी अधिस्वीकृती देते, दर वर्षी अहवाल मागते, आणि किती विद्यार्थी अभ्यासक्रम वेळेत पूर्ण करतात, किती राष्ट्रीय परीक्षेत उत्तीर्ण होतात, हे आकडे प्रत्येक विभागाने लोकांसमोर मांडावेत असा आग्रह धरते. विद्यार्थी ते आकडे पाहून प्रवेश घेतो.

या पद्धतीची नक्कल जशीच्या तशी करावी, असे कोणी सुचविल्यास ते अव्यवहार्य ठरेल. आपल्याकडे पदवीधरच आज बहुसंख्य रुग्णांना उपलब्ध होऊ शकतो. उद्यापासून पदव्युत्तर शिक्षणाची सक्ती केली, तर महानगरांतील रुग्णांना अधिक शिकलेला तज्ज्ञ मिळेल, आणि खंडाळा, माण किंवा जत तालुक्यातील मुलाला कोणीच मिळणार नाही. परंतु त्या पद्धतीतील एक तत्त्व मात्र देश, काळ व संपत्ती यांच्या पलीकडचे आहे. ते म्हणजे, ज्याच्या हिताकरिता मान्यता द्यावयाची त्याला मान्यतेचा आधार पाहता आला पाहिजे.

आपल्या कायद्याची दिशा येथे नेमकी उलट आहे. परीक्षांच्या पाहणीसाठी परिषद जे अभ्यागत नेमते, त्यांचा अहवाल अध्यक्षांनी एखाद्या प्रकरणी अन्यथा निर्देश दिल्याखेरीज गोपनीय मानावा, अशी तरतूद १९९२ च्या कायद्यात करण्यात आली. असेच कलम १९५६ च्या वैद्यक परिषद कायद्यातही होते. त्या परिषदेचे पुढे काय झाले, हे सर्वश्रुत आहे. २०१० साली तिच्या तत्कालीन अध्यक्षांना एका महाविद्यालयाच्या मान्यतेसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक झाली, परिषद बरखास्त करावी लागली, आणि अखेर २०२० साली तिच्या जागी राष्ट्रीय वैद्यक आयोग आला. पुनर्वास परिषदेवर असा काही आक्षेप घेण्याचा येथे हेतू नाही. गुप्तता ही प्रामाणिक तपासनिसालाही संशयाच्या छायेत उभे करते, इतकाच त्याचा बोध आहे.

भाषेविना भाषेचा उपचार

मान्यतेच्या निकषांत इमारत, उपकरणे, अध्यापकांची संख्या, ग्रंथालय या गोष्टी असतात व त्या असावयासच हव्यात. ध्वनिरोधक खोलीवाचून श्रवणचाचणी होत नाही. परंतु वाचा-उपचार हे शस्त्रक्रियेसारखे भाषानिरपेक्ष शास्त्र नव्हे. रुग्णाची भाषा हेच येथे निदानाचे साधन आणि तेच औषध. इंग्रजी पाठ्यपुस्तकांत ‘आर’ आणि ‘एस’ या ध्वनींच्या दोषांवर प्रकरणेच्या प्रकरणे असतात. मराठी मुलाची अडचण ‘ळ’ची असते, महाप्राण व्यंजनांची असते, ‘चहा’तील आणि ‘चमचा’तील वेगवेगळ्या ‘च’ची असते. तीन लिंगांनुसार बदलणारी विशेषणे व क्रियापदे वाचाघाताच्या रुग्णाला कशी अवघड जातात, हे इंग्रजी चाचणीच्या भाषांतरातून कळणे शक्य नाही.

याहून नाजूक प्रश्न बोलीचा आहे. सातारा-सांगलीच्या ग्रामीण भागात ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणारे मूल सदोष बोलत नाही. ते आपल्या आईची भाषा बिनचूक बोलत असते. प्रमाण मराठीच्या मोजपट्टीने त्याचा ‘ण’ चुकीचा ठरविला, तर निरोगी मुलाच्या कपाळी रोगाचा शिक्का बसतो. उलटपक्षी ‘खेड्यातली मुलं अशीच बोलतात’ असे म्हणून खरा दोष नजरेआड केला, तर आजारी मूल उपचारांवाचून राहते. सामाजिक बोली ही विकृती नव्हे, अशी स्पष्ट भूमिका अमेरिकेतील व्यावसायिक संघटनेने १९८३ साली घेतली, ती तेथील कृष्णवर्णीय मुलांच्या बोलीवर झालेल्या अन्यायाच्या अनुभवातून. जतच्या बाजूला घरात कन्नड व शाळेत मराठी बोलणारी मुले आहेत. शिरवळच्या कारखान्यांमुळे परप्रांतांतून आलेल्या कुटुंबांची हिंदी बोलणारी मुले मराठी शाळांत बसतात. दोष आणि भेद यांतील सीमारेषा ओळखणे हे अशा ठिकाणी उपचारकाचे पहिले कौशल्य ठरते. ते पदवीच्या मान्यतेच्या कसोटीत अग्रभागी असले पाहिजे.

कडक नियमांचा धोका

नियम जितके कडक, तितके शिक्षित कमी, आणि शिक्षित जितके कमी तितके भोंदू अधिक, असा एक आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. १९९२ च्या कायद्याने नोंदणीवाचून व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास वा एक हजार रुपयांपर्यंत दंड वा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. परंतु परिषदेने अधिकार दिलेल्या व्यक्तीने लेखी तक्रार केल्याखेरीज न्यायालयाने दखल घ्यावयाची नाही, अशीही तजवीज केली. दिल्लीतील परिषदेचा हात तालुक्याच्या बाजारपेठेतील पाटीपर्यंत कसा पोहोचावा? श्रवणयंत्रे विकणारा विक्रेता श्रवणतज्ज्ञ म्हणवून घेतो, अल्प मुदतीचे प्रमाणपत्र घेतलेला स्वतःला ‘स्पीच थेरपिस्ट’ लिहितो, आणि गरजू पालकाला दोघांतील व पदवीधरातील फरक समजत नाही.

यावर उपाय नियम सैल करण्याचा नाही. पात्र माणूस जवळ आणण्याचा आहे. याची चौकट शासनाजवळ तयार आहे. बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ साली सुरू झाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ तर २०१३ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. त्यानुसार अंगणवाडीतील व शाळेतील मुलांची तपासणी होते, आणि दोष आढळलेल्या मुलांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची योजना आहे, ज्याच्या कर्मचारीवर्गात श्रवण व वाचा-उपचारकाचे पद धरलेले आहे. तपासणीत दोष सापडावा आणि उपचारासाठी माणूस नसावा, ही स्थिती दोष न सापडण्याहून वाईट. पालकाला दुखणे कळते आणि दाराला मात्र कुलूप असते. कर्णशलाकेच्या, म्हणजे कॉक्लिअर इम्प्लांटच्या, महागड्या शस्त्रक्रियेसाठी शासन लाखो रुपये देते. परंतु त्यानंतर दीर्घकाळ चालणारे भाषाशिक्षण मिळाले नाही, तर त्या यंत्रातून येणारा आवाज मुलाच्या लेखी केवळ गोंगाट राहतो.

काय करता येईल?

पहिली गोष्ट म्हणजे परिषदेने संस्थांच्या तपासणीचे अहवाल प्रसिद्ध करावेत. अध्यापक किती, प्रत्यक्ष रुग्ण किती, प्रवेश घेतलेल्यांपैकी पदवी घेऊन बाहेर पडलेले किती, एवढे चार आकडे जरी प्रत्येक संस्थेपुढे छापले गेले, तरी विद्यार्थ्याची फसवणूक पुष्कळशी टळेल. यासाठी पैसा लागत नाही, इच्छा लागते.

दुसरी गोष्ट, महाराष्ट्रातील अभ्यासक्रमाच्या मान्यतेसाठी मराठीतून, आणि तिच्या किमान एका ग्रामीण बोलीच्या जाणिवेसह, निदान व उपचार करण्याची प्रत्यक्ष परीक्षा अनिवार्य करावी. परप्रांतातून आलेल्या विद्यार्थ्याला यात अडथळा वाटेल. परंतु वर्षभर मराठी रुग्णांत वावरणाऱ्यास तो दुस्तर नाही. पदव्युत्तर प्रबंधांचा रोख मराठी चाचण्या व उपचारसाहित्य निर्माण करण्याकडे वळविल्यास आणखीच उत्तम.

तिसरी गोष्ट, प्रत्यक्ष कामाच्या शेवटच्या वर्षातील काही महिने महानगराबाहेरच्या जिल्हा वा ग्रामीण रुग्णालयात, नोंदणीकृत तज्ज्ञाच्या देखरेखीखाली काढणे ही मान्यतेची अट व्हावी. पुण्यापासून शिरवळ अवघे ५० किलोमीटर आहे. हे अंतर एका शिकाऊ पदवीधराने आठवड्यातून दोनदा कापणे अधिक न्याय्य, की रोजंदारी बुडवून चाळीस आयांनी मुलाला कडेवर घेऊन ते कापणे, याचे उत्तर देण्यास कोणत्याही समितीची आवश्यकता नाही. अर्थात शिकाऊ विद्यार्थी हा कायम नेमणुकीला पर्याय नव्हे. मंजूर पदे भरण्याची जबाबदारी शासनाचीच राहते, आणि पद व वेतन नसेल तर उत्तम शिकलेला पदवीधर परदेशाची वाट धरतो, ही वस्तुस्थितीही विसरता येत नाही.

चौथी गोष्ट समाजाने करावयाची आहे. नोंदणीकृत उपचारकाला परिषदेचा क्रमांक असतो आणि तो केंद्रीय नोंदपुस्तकात पडताळून पाहता येतो. पालकाने तो मागावा. मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही, आणि दाखविण्यात प्रामाणिक उपचारकाला कमीपणा नाही. मूल बोलत नाही, ऐकत नाही, हे घरच्यांच्या खालोखाल प्रथम लक्षात येते ते अंगणवाडीच्या सेविकेच्या व पहिलीच्या गुरुजींच्या. ‘मंद आहे’ असा शेरा मारण्यापूर्वी त्याची श्रवणचाचणी झाली आहे काय, एवढा एक प्रश्न प्रत्येक शिक्षकाने विचारला, तर कित्येक मुलांचे शैक्षणिक आयुष्य वाचेल. कार्यालयात दिव्यांगांच्या प्रमाणपत्रांची कागदपत्रे हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याने २०१६ च्या कायद्यातील नव्या तरतुदी वाचलेल्या असणे, हेही तितकेच मोलाचे आहे.

मान्यता हा शब्द आपल्याकडे शिक्क्याशी आणि कागदाशी जोडला गेला आहे. मूळ अर्थाने मान्यता म्हणजे समाजाने दिलेला विश्वास होय. आपल्या मुलाची वाचा एका अनोळखी माणसाच्या हाती सोपविताना त्याच्या शिक्षणाची हमी कोणीतरी घेतली आहे, हा तो विश्वास. शिरवळच्या शेतकऱ्याला आपल्या गायीसाठी तो मागता येतो. त्याच्या लेकरासाठीही तो तितक्याच सहजतेने मागता यावा, यात अवाजवी असे काही नाही. जे स्वतः बोलून दाद मागू शकत नाहीत, त्यांच्या वतीने बोलण्याचे कर्तव्य ज्यांना वाचा आहे त्यांच्यावर येते. परिषद, विद्यापीठ, शासन आणि सुशिक्षित समाज या चौघांनाही त्यातून सुटका नाही.